क्विंटल घरात कितीला पडला?

जालन्याच्या मोंढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यास त्या दिवशीचा भाव ठाऊक असतो. वजन किती भरले, हमाली व तोलाई किती गेली, हेही तो तोंडी सांगू शकतो. परंतु हाच क्विंटल घरात कितीला पडला, असे विचारले असता उत्तर बहुधा अंदाजाने येते, आणि त्या अंदाजात बियाणे, खत, औषध व रोजंदारी एवढ्याच बाबी असतात. ज्या वस्तूसाठी खिशातून पैसा गेला ती लक्षात राहते. जी घरातूनच पुरविली गेली ती विसरली जाते. घरच्या बैलांचे काम, उकिरड्यातील खत, घरातील स्त्रीपुरुषांची राबणूक आणि स्वतःची जमीन यांपैकी कशाचीच पावती कोणी देत नाही.

विसरल्या गेलेल्या या रकमा लहान नसतात. पुढील वर्षी कपाशी लावावी की मका घ्यावा, जमीन स्वतः कसावी की बटईने द्यावी, टंचाईच्या वर्षी मोसंबीची बाग टँकरच्या पाण्यावर जगवावी की सोडून द्यावी, हे सर्व निर्णय याच रकमांवर अवलंबून असतात. जालना जिल्ह्यात पाऊस सरासरीने ६५० ते ७५० मिलिमीटरच्या दरम्यान पडतो, आणि अवर्षणाच्या वर्षी तो ४०० ते ४५० मिलिमीटरपर्यंतही खाली येतो. ज्या मुलखात उत्पन्नाचा भरवसा इतका कमी, तेथे खर्चाचा तरी नेमका हिशेब शेतकऱ्याच्या हाती असणे अगत्याचे आहे.

हिशेबाचा पूर्वेतिहास

महाराष्ट्रात शेतीच्या हिशेबाचा पद्धतशीर अभ्यास नवा नाही. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची घर अन् घर पाहणी करून तिचा वृत्तांत १९१७ साली प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून देशाच्या काही निवडक भागांत शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्या सुरू झाल्या. त्यांत तत्कालीन मुंबई राज्यातील अहमदनगर व नाशिक हे दोन जिल्हे होते. जालना त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने या पाहणीबाहेर राहिले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. शेतीच्या खर्चाचे जे निरनिराळे पाये आज सरकारी हिशेबात वापरले जातात, त्यांची घडण मुळात त्या १९५४-५५ च्या पाहण्यांतच झाली.

जानेवारी १९६५ मध्ये केंद्र सरकारने कृषिमूल्य आयोग स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्ष प्राध्यापक एम. एल. दांतवाला हे होते. १९८५ साली या आयोगाच्या नावात ‘खर्च’ हा शब्द घालण्यात येऊन तो कृषि खर्च व मूल्य आयोग झाला. आयोगास लागणारे आकडे १९७०-७१ पासून चालू असलेल्या एका सर्वंकष योजनेतून मिळतात, आणि महाराष्ट्रात हे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे. निवडलेल्या प्रत्येक गावसमूहात लहानमोठ्या अशा पाच गटांतून प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण दहा शेतकरी घेतले जातात, आणि क्षेत्रसेवक त्यांच्या शेतावरील रोजच्या कामाची व खर्चाची नोंद ठेवतो. हंगाम संपल्यावर आठवणीने सांगितलेला खर्च आणि त्या त्या दिवशी टिपलेला खर्च यांत पडणारे अंतर ध्यानी घेऊनच ही रीत पाडलेली आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या वहीसाठीही तीच उचलावी.

एक एकर कपाशी

आता एक एकर कोरडवाहू कपाशीचा हिशेब मांडून पाहू. खालील आकडे रीत समजावी एवढ्यापुरतेच घेतलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या शेताचे आकडे घालावेत.

ट्रॅक्टरने नांगरणी व वखरणी, भाड्याने – २,८०० रुपये
बियाण्याची दोन पाकिटे – १,८०० रुपये
रासायनिक खते – ४,६०० रुपये
कीटकनाशके – ४,००० रुपये
निंदणी व खुरपणी, मजुरांकडून – ४,५०० रुपये
पाच क्विंटलची वेचणी, किलोस दहा रुपयांप्रमाणे – ५,००० रुपये
किरकोळ – ७०० रुपये

येथवर २३,४०० रुपये झाले, आणि बहुसंख्य शेतकऱ्यांचा हिशेब येथेच थांबतो. एकरी सात क्विंटल कापूस झाला आणि तो ७,७१० रुपये दराने विकला गेला, तर ५३,९७० रुपये येतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा जाहीर झालेला हमीभाव हाच होता. आलेल्या पैशातून गेलेला पैसा वजा करता ३०,५७० रुपये उरले, असे शेतकरी समजतो.

परंतु घरच्या दोन गाड्या शेणखत शेतात पडले. गावात त्यास जो भाव आहे त्याने त्याचे ४,००० रुपये होतात. घरच्या बैलांनी चार दिवस कोळपणी केली, तिचे ३,२०० रुपये. अवजारांची झीज, म्हणजे घसारा, ६०० रुपये. आणि पेरणीपासून विक्रीपर्यंत गुंतून राहिलेल्या रकमेवरील व्याज ८०० रुपये. या बाबी मिळविल्या म्हणजे ३२,००० रुपये होतात. सरकारी परिभाषेत यास ‘ए-१’ खर्च म्हणतात. जमीन दुसऱ्याची असून तिचा खंड प्रत्यक्ष द्यावा लागत असेल, तर तो मिळवून ‘ए-२’ होतो. आपल्या उदाहरणात जमीन घरची आहे, म्हणून ए-२ हाही ३२,००० रुपयेच.

यापुढे घरच्या माणसांची मजुरी येते. उरलेल्या दोन क्विंटलची वेचणी, खत टाकणे, फवारणी, राखण असे मिळून चोवीस दिवस भरले आणि गावचा सरासरी रोज ३०० रुपये धरला, तर ७,२०० रुपये होतात. ए-२ मध्ये ही रक्कम घातली म्हणजे ३९,२०० रुपये. हाच तो वारंवार कानी पडणारा ‘ए-२ अधिक एफएल’ खर्च, ज्यातील एफएल ही अक्षरे घरच्या श्रमाची आहेत. शेवटी स्वतःच्या जमिनीचा खंड, ज्यास मराठवाड्यात ठोका म्हणतात, तो १२,००० रुपये, आणि विहीर, गोठा, अवजारे इत्यादी स्थिर भांडवलावरील व्याज १,३०० रुपये धरले, की एकूण ५२,५०० रुपये होतात. हा ‘सी-२’ खर्च होय.

एकाच शेताचे, एकाच हंगामातील हे हिशेब आहेत. ए-१ ने क्विंटल ४,५७१ रुपयांस पडतो, ए-२ अधिक एफएलने ५,६०० रुपयांस, आणि सी-२ ने ७,५०० रुपयांस. तीस हजार पाचशे सत्तर रुपयांची शिल्लक पायरीपायरीने उतरत २१,९७०, नंतर १४,७७० आणि अखेरीस १,४७० रुपयांवर येते. व्यापाऱ्याने त्या दिवशी सात हजारांचाच भाव दिला असता, तर सी-२ च्या मापाने एकरी साडेतीन हजारांची तूट आली असती. आणि तरीही शेतकऱ्याच्या हाती नगद पैसा खुळखुळत असतो, त्यामुळे तूट त्यास जाणवत नाही. ती मोसमाअखेर बैल बदलताना किंवा विहिरीची मोटर जळाल्यावर जाणवते.

यांपैकी खरा खर्च कोणता?

या प्रश्नावर देशात बरीच वर्षे वाद चालू आहे. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००४ ते २००६ या काळात आपले अहवाल दिले, आणि हमीभाव हा उत्पादन-खर्चाच्या भारित सरासरीहून किमान ५० टक्के अधिक असावा, अशी शिफारस केली. केंद्र सरकारने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाचे तत्त्व जाहीर केले. परंतु तेथे खर्चाचा पाया ए-२ अधिक एफएल हा धरला. २०२५-२६ च्या खरिपासाठी या पायावर सोयाबीनचा खर्च क्विंटलमागे ३,५५२ रुपये आणि हमीभाव ५,३२८ रुपये, कापसाचा खर्च ५,१४० आणि भाव ७,७१० रुपये, तर तुरीचा खर्च ५,०३८ आणि भाव ८,००० रुपये असा होता. सोयाबीन व कापूस यांचे भाव बरोबर दीडपट आहेत, हे सहज पडताळून पाहता येईल. शेतकरी संघटनांची मागणी पाया सी-२ धरावा अशी आहे. वाद दीडपटीचा नाही, तो कशाच्या दीडपट याचा आहे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे खर्चाचे आकडे साऱ्या देशाच्या सरासरीचे असतात. कालव्याच्या पाण्यावर पिकणारा कापूस आणि मंठा अथवा भोकरदनच्या हलक्या रानात पावसावर सोडलेला कापूस एकाच सरासरीत येतात. जाहीर झालेला खर्च आपल्या शेतास लागू पडेल असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र सर्व प्रसंगी एकच पाया खरा मानण्याचे कारण नाही. प्रश्न बदलला की पाया बदलतो. सोसायटीचे वा बँकेचे कर्ज फेडता येईल काय, हे पाहावयाचे असेल तर नगदी खर्चच पाहिला पाहिजे. बँक बैलांच्या कष्टाचे पैसे मागत नाही. घरच्या माणसांनी शेतात राबावे की एखाद्याने बाहेर कामास जावे, हा प्रश्न असेल तर घरच्या मजुरीचा आकडा निर्णायक ठरतो. जमीन स्वतः कसावी की ठोक्याने द्यावी, हे ठरविताना जमिनीचा खंड हिशेबात धरावाच लागतो. बारा हजारांस सहज जाणारी जमीन घरी कसून सर्व खर्च, घरची मजुरी व व्याज वजा जाता दहाच हजार देत असेल, तर शेतकरी जमिनीपायी दोन हजार गमावीत आहे, मग त्याच्या वहीत काहीही लिहिलेले असो. भावाची मागणी करताना सी-२ चा आग्रह धरणे रास्त आहे, कारण जमीन व भांडवल दुसऱ्या कोणत्याही धंद्यात फुकट मिळत नाही.

घरच्या वस्तूंचे मोल कसे ठरवावे

बैलजोडीचा रोज ठरविणे अनेकांस अवघड वाटते. समजा जोडी १,२०,००० रुपयांस घेतली आणि सहा वर्षांनी ती ६०,००० रुपयांस विकली जाईल, तर वर्षाची घट १०,००० रुपये. वैरण, पेंड व औषधपाणी यांचे बाजारभावाने ६२,००० रुपये झाले, आणि शेणखताचे १२,००० रुपये वजा केले, तर वर्षाचा निव्वळ खर्च ६०,००० रुपये येतो. जोडीने वर्षात ७५ दिवस काम केले तर रोज ८०० रुपये पडतो. ५० दिवसच केले तर १,२००. बैल दावणीस उभे राहिले म्हणून त्यांचे खाणे थांबत नाही. लहान शेतकऱ्याने जोडी ठेवावी की भाड्याने काम करून घ्यावे, याचे उत्तर कामाच्या दिवसांच्या संख्येत आहे. ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू पडतो, आणि तेथे रकमा मोठ्या असल्याने चूक महागात जाते.

सालगड्याचे साल गुढीपाडव्यास ठरते व ती रक्कम एकदम डोळ्यांसमोर असते. ती एका पिकावर टाकू नये. त्याने कोणत्या पिकात किती दिवस काम केले त्या प्रमाणात ती वाटावी. सावडीने किंवा इर्जिकीने झालेल्या कामास पैसा लागत नाही हे खरे, तथापि त्याची फेड आपल्या अंगमेहनतीने करावी लागते, म्हणून ते घरच्या मजुरीतच मोजावे.

अनुदानाचे प्रकरण थोडे निराळे आहे. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकास ठिबक संचाच्या मान्य खर्चाच्या ५५ टक्के अनुदान मिळते. ६०,००० रुपयांच्या संचास ३३,००० रुपये मिळाले, तर शेतकऱ्याचे २७,००० रुपयेच गुंतले, आणि दहा वर्षांचे आयुष्य धरता घसारा वर्षास २,७०० रुपयेच धरावा. संपूर्ण ६,००० धरल्यास खर्च फुगतो. मात्र दहा वर्षांनी नळ्या बदलताना पुन्हा अनुदान मिळेलच असे नाही, म्हणून बाजूला टाकावयाची रक्कम सहा हजारांच्या जवळपास असलेली बरी. खर्च लिहिणे आणि तरतूद करणे ही दोन कामे वेगळी आहेत, आणि ती एकाच आकड्याने होत नाहीत.

जोड उत्पन्नाचीही एक रीत आहे. तुरीचे दाणे ३२,००० रुपयांचे आणि भूस व तुराट्या २,००० रुपयांच्या झाल्या, तर एकूण ३४,००० रुपयांपैकी दाण्यांचा वाटा जितका, तितकाच खर्चाचा वाटा दाण्यांवर घालावा. एकूण खर्च २७,२०० रुपये असल्यास दाण्यांवर २५,६०० रुपये येतात; चार क्विंटल उत्पन्नास क्विंटलमागे ६,४०० रुपये. भूस विसरले तर तोच आकडा ६,८०० होतो. दुष्काळी वर्षात चाऱ्याचा भाव चढला की हे अंतर आणखी वाढते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घातल्या असतील तेव्हा नांगरणीसारखा सामाईक खर्च व्यापलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात वाटावा, आणि बियाणे व काढणी ज्याची त्याच्याच नावे लिहावी.

पेरणीपूर्वीचा अंदाज

झालेला खर्च लिहिणे हा जमाखर्च. होणारा खर्च आधी मांडणे हे अंदाजपत्रक. पीककर्ज देण्यासाठी जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दर हेक्टरी जे कर्जदर ठरविते, तेही एक प्रकारचे अंदाजपत्रकच होय. परंतु ते जिल्ह्याचे आहे, एका शेताचे नव्हे.

अंदाजात चूक बहुधा खर्चाच्या बाजूने होत नाही, उत्पन्नाच्या बाजूने होते. वरील कपाशीच्या एकरातच सातऐवजी चार क्विंटल कापूस आला असे समजू. मजुरांच्या वेचणीचे तीन हजार रुपये वाचतील. बाकीचा खर्च पेरणीच्या दिवसापासूनच जवळजवळ ठरलेला असतो. सी-२ खर्च ४९,५०० रुपये होऊन क्विंटल १२,३७५ रुपयांस पडेल. याउलट दहा क्विंटल आला तर खर्च ५५,५०० रुपये आणि क्विंटल ५,५५० रुपयांस. पाऊस जेवढा बेभरवशाचा, तेवढा एकच आकडा धरून चालणे अयोग्य. बऱ्या, मध्यम व वाईट अशा तिन्ही वर्षांचे उत्पन्न गृहीत धरून अंदाज मांडावा, आणि वाईट वर्षात कर्जाचा हप्ता निघतो की नाही, हे सर्वप्रथम पाहावे.

अंदाजाची ही अडचण शेतकऱ्याचीच आहे असे नाही. संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्या धंद्यात ना पाऊस, ना बोंडअळी. तरी तेथेही काम सुरू होण्यापूर्वी केलेला खर्चाचा अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा चतुर्थांश ठरू शकतो, असे अमेरिकन तज्ज्ञ बॅरी बोहम यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले. काम जसजसे पुढे सरकते तसतशी अंदाजाची रुंदी आवळत जाते. शेतकऱ्यानेही म्हणून जूनमध्ये केलेले अंदाजपत्रक पेटीत ठेवून देऊ नये. उगवण झाल्यावर, पात्या-फुले लागल्यावर आणि पहिल्या वेचणीनंतर ते पुन्हा काढून दुरुस्त करावे.

दुरुस्तीच्या वेळी एक पथ्य आहे. जो पैसा गेला तो निर्णयात धरू नये. डिसेंबरमध्ये ओलिताच्या कपाशीची फरदड ठेवावी की नाही, हे ठरविताना आजवर लागलेले पन्नास हजार रुपये मनातून काढून टाकावेत, कारण पीक ठेवले काय किंवा उपटले काय, ते परत येणार नाहीत. पाहावयाचे ते एवढेच, की यापुढे पाणी, खत व फवारणीस ५,००० आणि दोन क्विंटलच्या वेचणीस २,५०० लागले आणि कापूस १४,००० रुपयांचा झाला, तर ६,५०० रुपये उरतात. तेवढ्याच पाण्यावर त्या रानात दुसरे पीक काय देईल, हे त्याच्या शेजारी मांडावे. आणि त्याहून मोठी एक रक्कम या हिशेबात दिसतच नाही. फरदडीवर गुलाबी बोंडअळीचा मुक्काम लांबतो, व तिचे नुकसान पुढील वर्षी, स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्याही शेतात, भोगावे लागते. २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात या अळीने केलेला विध्वंस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हे साडेसहा हजार फार स्वस्त वाटणार नाहीत.

मोसंबीच्या बागेचा पाया

जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबड, घनसावंगी, बदनापूर या भागांतील कित्येक कुटुंबांची भिस्त या फळावर आहे, आणि बदनापूर येथे मोसंबीचे संशोधन केंद्रही आहे. वार्षिक पिकाच्या हिशेबाची रीत मात्र बागेस लावता येत नाही, कारण पहिली चार-पाच वर्षे बाग घेते, देत नाही.

या काळात खड्डे, कलमे, ठिबक, खते, मजुरी यांवर होणारा खर्च हा त्या त्या वर्षाचा तोटा नसून बागेत घातलेले भांडवल आहे. समजा पाच वर्षांत एकरी २,४५,००० रुपये लागले आणि आंतरपिकांतून ५०,००० रुपये निव्वळ आले, तर बागेचा पाया १,९५,००० रुपये झाला. बहराची पंधरा वर्षे धरल्यास दर वर्षाच्या फळांवर १३,००० रुपयांचा बोजा घातला पाहिजे. गुंतलेल्या रकमेवरील व्याज वेगळे. पाचव्या वर्षापर्यंतचा खर्च केव्हाच होऊन गेला म्हणून जो बागाईतदार तो पुसून टाकतो, त्यास पुढील प्रत्येक बहर आहे त्याहून अधिक किफायतशीर भासतो, आणि बाग म्हातारी होते तेव्हा नवी लावण्यास पैसा नसतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या व तोडाव्या लागल्या. वरील बागेस फळे सुरू होऊन पाच वर्षे झाली असताना ती वाळली असे धरले, तर ६५,००० रुपये वसूल झाले होते व १,३०,००० रुपये बुडाले. गेलेल्या बहराचे नुकसान याच्याखेरीज. ज्याच्या वहीत बागेचा पायाच लिहिलेला नाही, त्यास एका बहराचे नुकसान एवढेच दिसते.

तथापि टँकरने पाणी घालून बाग जगवावी काय, हा प्रश्न उभा राहतो तेव्हा हे बुडणारे १,३०,००० रुपयेही निर्णयाचा पाया नव्हेत. पाण्यास एकरी ६०,००० रुपये लागणार असतील, तर एका बाजूस ते आणि दुसऱ्या बाजूस जगलेली झाडे उरलेल्या वर्षांत काय देतील ते ठेवावे. आणि ती मेल्यास नवी बाग उभी करण्याचा आजचा खर्च व पाच वर्षांची वाट लक्षात घ्यावी. झाडे तरुण व निरोगी असतील तर साठ हजार घालणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. अठरा वर्षांच्या, डिंक्या लागलेल्या बागेस ते घालणे म्हणजे केवळ माया होय.

जमीन विकताना याच ‘पाया’ची गाठ निराळ्या रूपाने पडते. ग्रामीण शेतजमीन आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नाही. परंतु एक लाख ते दहा लाख लोकसंख्येच्या नगराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतील जमिनीस ही सवलत नाही, आणि जालना शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या वर होती. अशी जमीन विकल्यास विक्रीच्या किमतीतून तिची मूळ किंमत वजा करून नफा काढला जातो. वडिलोपार्जित जमिनीस आधीच्या मालकास पडलेली किंमत धरतात, आणि ती १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्या दिवशीची वाजवी बाजारकिंमत, मुद्रांकाच्या मूल्याच्या मर्यादेत, धरता येते. जुनी खरेदीखते, विहीर व बांधबंदिस्तीच्या पावत्या जपून ठेवण्याचे हे एक कारण. विक्रीपूर्वी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखलाही घ्यावा.

वही आणि भ्रमणध्वनी

पूर्वी कीर्द व खतावणी यांवाचून हिशेब नव्हता. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिजिकॅल्क’ हा वैयक्तिक संगणकावरील पहिला कोष्टक-कागद विक्रीस आणला, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलू लागले. आज एक्सेलसारखी कोष्टके भ्रमणध्वनीवर उघडतात. चार क्विंटल, सात क्विंटल, दहा क्विंटल अशा तिन्ही अंदाजांची मांडणी तेथे क्षणात होते, आणि घरातील शिकणारी मुलगी किंवा मुलगा हे काम आनंदाने करील.

परंतु यंत्र बेरीज करते ती घातलेल्या आकड्यांची. घरच्या मजुरीचा रकाना कोरा राहिला तर ते तेथे शून्य धरते आणि नफा ठळक अक्षरांत दाखविते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हिशेबी ॲपची घडण दुकानदाराच्या सोयीने झालेली असते. पैसा आला, पैसा गेला, एवढेच त्यांत लिहिता येते. उकिरड्यातून शेतात गेलेल्या खतास त्यांत जागा नसते. यास्तव दिनांक, शेताचा गट क्रमांक, पीक, काम, माणसे व तास, रक्कम, आणि ती नगदी की घरची, असे साधे रकाने स्वतःच आखलेले बरे. शंभर पानी वहीतही ते आखता येतात. नोंद संध्याकाळी, त्याच दिवशी व्हावी.

हिशेबाचे वर्ष केव्हा सुरू करावे, याविषयी मतभेद असतात. सरकारी पाहणी जुलै ते जून असे वर्ष धरते, सालगड्याचे वर्ष पाडव्यास पालटते, आणि बँकेचे ३१ मार्चला. खरीप-रब्बी घेणाऱ्याने मृगापूर्वी, मेअखेरीस, घरातील बियाणे, खते, वैरण व जनावरे यांची यादी किमतीसह करून नवे पान उघडावे. मोसंबीवाल्यास हे सोयीचे नाही. आंबे बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळे पावसाळ्याच्या शेवटी उतरू लागतात, तर मृग बहर जून-जुलैत धरून त्याची तोडणी पुढील वर्षाच्या आरंभी होते. दोन्ही बहर घेणाऱ्या बागाईतदाराने वर्षाचे एक पान न ठेवता प्रत्येक बहराचे स्वतंत्र पान ठेवावे. पाण्याचा ताण देण्याच्या दिवशी ते उघडावे आणि शेवटची गाडी रवाना झाल्यावर बंद करावे.